कवडूभाऊंचा चंदेरी कोट

कवडूभाऊंचा सारा जन्म प्लांटच्या भट्टीसमोर गेला, म्हणून थंडी म्हटली की जीव मुठीत. भिलाईत दिवाळीचे दिवे विझले की त्यांच्या डोक्यावर माकडटोपी चढे, ती होळीलाच उतरे. क्वार्टरच्या अंगणात ऊन जिकडे सरके तिकडे त्यांची खुर्ची सरके. बायको गिरजाबाई म्हणत, "आमच्या घरी मानूस नाई, सूर्यफूल आहे."

असा माणूस उघड्यावर झोपायला निघाला तो नातीपायी. खुशबूला शाळेच्या कॅम्पला मैकलच्या डोंगरात जायचं होतं. तिचा बाप सुमेध म्हणाला, "तू तुह्या आबावर गेली. थंडीनं रडत फोन करशील."

"मी झोपतो तिच्यासंगं एक रात धरणावर, उघड्यावर," कवडूभाऊ बोलून गेले. "मंग त धाडशील?"

सुमेधनं अट घातली. दोघांपैकी एक जण जरी उजाडायच्या आत गाडीत आला, तर कॅम्प कॅन्सल.

शनिवारी चौघं तांदुळा धरणाच्या काठी पोचले. शेतकऱ्याकडून भाताचा पेंढा मागून आणला, त्यावर ताडपत्री पसरली, चार पावलं सोडून शेकोटी रचली. सुमेध आणि गिरजाबाई गाडीत झोपणार होते, काचा चढवून.

मग कवडूभाऊंनी पिशवीतून आपलं हत्यार काढलं. भट्टीवर घालतात तो चंदेरी कोट! रिटायर झाले तेव्हा साथीदारांनी थट्टेनं हाराऐवजी एक बाद झालेला कोट त्यांच्या गळ्यात घातला होता.

"ज्यानं भट्टीची आग अंगाले लागू देली नाई, थो थंडीले काय लागू देते?" ते ऐटीत म्हणाले.

"बरातीतला घोडा दिसून राहिले," गिरजाबाईंनी शेरा मारला.

कोट घालूनच त्यांनी लाकडं वाहिली. आतून घामानं चिंब झाले. मग शेकोटीपुढे बसले, तर काय! खुशबूचे गाल आगीनं लाल झालेले, आणि आबा तिच्याच शेजारी दात वाजवत. कोटानं इमान राखलं होतं. आगीला आत येऊच दिलं नाही.

गाडीतून सुमेधनं हाक मारली, "बाबा, या ना! हिटर लावतो."

कवडूभाऊ उठले. दोन पावलं टाकलीसुद्धा. खुशबू नुसती बघत राहिली. तिच्या बघण्यानं ते थांबले.

"कोट काढाले उठलो होतो," ते म्हणाले. ओला सदरा बदलला, सुका स्वेटर चढवला आणि तो कोट रागानं पाठीमागच्या झुडपावर भिरकावला. पडून राहा म्हणाले, नालायका.

ब्लँकेट ओढून बसतात न बसतात, तोच पाठ ऊबदार लागायला लागली.

"खुशबू, मांगून कोन शेकून राहिलं मले?"

पोरीनं वळून पाहिलं. झुडपावरचा कोट शेकोटीच्या उजेडात लखलखत होता. "आबा, कोट तो आग को वापस फेंक रहा है! आपल्यावर!"

कवडूभाऊ पोट धरून हसले. जन्मभर ज्यानं ऊब परतवली, तो आजही तेच करत होता. फक्त ते चुकीच्या बाजूला बसले होते. पुढून आग, मागून कोट, खालून पेंढा. आजोबा-नात अशी घोरू लागली की काठावरचे बगळे उडाले असतील.

पहाटे कोणीतरी ब्लँकेट ओढलं. गिरजाबाई! "सरका. तुमच्या लेकाचा हिटर कवाचाच बंद पडला. लोखंडाचा डब्बा आहे थो नुसता."

मागोमाग सुमेधही हात चोळत आला.

"तुह्या अटीचं काय रे?" कवडूभाऊंनी विचारलं.

"गाडीत येऊ नोका म्हनलं होतं, बाबा. गाडीतून येऊ नोका म्हनलं होतं का?"

"पप्पा, कॅम्प?" खुशबूनं लगेच गाठलं.

"जाय," ब्लँकेटच्या आत शिरलेल्या सुमेधचा आवाज आला. "पन थो कोट घेऊन जाय."

कोट मैकलला गेला. मागं अंगणात कवडूभाऊंनी खुर्चीच्या पाठीशी स्टीलची परात उभी केली आणि समोरून ऊन घेत डोळे मिटले.

"द्या थे परात," गिरजाबाई पदर खोचून आल्या. "कनिक भिजवाची आहे मले."