आवणी झाली की येतो

वाळूची आणि माझी ओळख माझ्या बोटातून रक्त निघून झाली.

मी तेव्हा तुरुंगात हवालदार होतो. कुठल्या ते सांगत नाही. मोठा आहे, खाडीकाठी आहे आणि साठ माणसांच्या बराकीत तिथे पावणेदोनशे झोपतात, एवढं पुरे. संध्याकाळी कोर्टातून नवे बंदी आले की त्यांना आतल्या दाराशी दोन-दोनच्या जोडीने उकिडवं बसवायचं, मोजायचं आणि मग एकेकाची झडती घ्यायची, हे माझं काम. त्या दिवशी अकरा जण आले होते. दहांच्या पाच जोड्या झाल्या आणि शेवटी एक काटकुळा, पस्तिशीचा माणूस उरला. त्याच्या सदऱ्याच्या कॉलरखाली मी बोट घातलं तर काहीतरी कचकन रुतलं. मासे धरायचा गळ होता. मी आईवरून शिवी हासडली.

"दादा, नदीवर व्हतो," तो घाबरून म्हणाला. "तसाच आनला मला."

त्या दारात मला सगळे साहेब म्हणायचे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी दादा म्हटलं, आणि तेही आमच्या डोंगरातल्या बोलीत. मी सूर्यमाळचा, मोखाड्याकडचा. तो दाभोशाच्या नदीकाठच्या पाड्यावरचा कातकरी. मी रजिस्टरात त्याच्या जिनसा लिहिल्या: काळा करगोटा एक, लोखंडी गळ एक. त्याने अंगठा उठवला. मी बोट चोखत होतो आणि तो पुन्हा पुन्हा माझ्या बोटाकडेच बघत होता, जणू त्याचा खरा गुन्हा तोच.

त्याच्यावर होता तो गुन्हा घरफोडीचा. कुणा शेठच्या फार्महाऊसमधून पाण्याची मोटार आणि केबल गेली होती. आधीच्या आठवड्यात वाळूने तिथे कुंपणाचे खड्डे खणले होते. पोलिसांनी पाड्यावरचे चौघे उचलले, तिघांना सोडलं. वाळू अडकला, कारण त्या रात्री तो एकटाच नदीवर होता आणि त्याचे साक्षीदार म्हणाल तर मासे.

दुसऱ्याच महिन्यात कोर्टाने त्याला जामीन दिला. बाहेरच्या लोकांना वाटतं, जामीन मिळाला की माणूस सुटला. तसं नसतं. नावावर जमीन असलेला एक जामीनदार उभा करायचा होता, सातबाऱ्यासकट. वाळूच्या सगळ्या पाड्यात मिळून एक सातबारा नाही. त्याची झोपडीसुद्धा दुसऱ्याच्या बांधावर आहे. तेव्हा कोर्टाने सोडलेला माणूस आमच्याकडे दोन वर्षं राहिला. असे माझ्या बराकीत आणखी नऊ होते. त्यांची नावं आजही मला पाठ आहेत.

दर मंगळवारी सरकारी मदतीचा वकील यायचा. दोन वर्षांत तीन वकील बदलले. एकाने, जामीनदाराशिवाय सोडा, असा अर्ज केला. त्या तारखेला न्यायला पोलीस पार्टीच आली नाही. पुढच्या तारखेला वाळूला टीव्हीसमोर बसवलं. समोर कोर्ट दिसायचं, यांची रांग मागे, एकेकाला अर्धं मिनिट. वाळूने पडद्याला नमस्कार केला आणि पुढची तारीख घेऊन आला. "साहेब कुठला तं कळला नाय," म्हणाला, "दोघा-तिघांना हात जोडले."

घरून भेटायला कमळा, त्याची बायको, दोनदाच आली. दाभोशाहून जीप, मग एसटी, मग आणखी एक गाडी, आणि एवढं करून काचेपलीकडे फोन कानाला लावून वीस मिनिटं. दिवाळीनंतर त्यांचा सगळा पाडा वीटभट्टीवर जातो. तिथून कोण येणार? आता कैद्यांना फोनची सोय आहे, पण नंबर नोंदवावा लागतो आणि तो कुणाचा याची खात्री करून घ्यावी लागते. कमळाकडे फोन नाही. भट्टीच्या मुकादमाचा नंबर दिला होता, तो खात्रीतच अडकला.

कच्च्या कैद्याला कामाची सक्ती नसते. वाळूच मागे लागला, "दादा, कायतरी काम द्या, बसून हाडां दुखतात." मी त्याला भाजीच्या वाफ्यांवर लावून घेतला. पावसाळ्यात भिंतीकडेला टाकळा उगवायचा. तो ते कोवळे शेंडे खुडून पदराएवढ्या फडक्यात बांधून स्वयंपाकघरात नेऊन द्यायचा. शहरी कैदी हसायचे, गवत खातो म्हणायचे. एकदा त्याने मलाही मूठभर दिला आणि मी तो डब्यातून खोलीवर नेला. नियमाने हेसुद्धा चूक. कैद्याकडून टाचणी घ्यायची नाही, त्याला टाचणी द्यायची नाही.

संध्याकाळची गिनती माझी असायची. अंधार पडायच्या आत सगळे बराकीत, जोड्या करून उकिडवे, हात गुडघ्यांवर, मान खाली. मी दोन, चार, सहा करत जायचो. एका बराकीचा एक माणूस जुळला नाही तर सगळा तुरुंग तसाच बसून राहतो. वाळू रोज त्याच जागी न हलता बसायचा, मोजायला इतका सोपा होता की मी त्याच्यापाशी क्षणभर थांबायचो आणि बोलायचो. तेवढंच आमचं बोलणं.

त्याला सगळे एकच सांगत होते. जुने कैदी, वकील, अगदी माझ्या हाताखालचे शिपाईसुद्धा. "कबूल कर रे. जेवढी भोगलीस तेवढीच शिक्षा देतील आणि त्याच दिवशी सोडतील. भांडत बसलास तर इथेच म्हातारा होशील." खोटं नव्हतं ते. माझ्या डोळ्यांदेखत कितीतरी जण असे सुटले.

वाळू ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "जे नाय केला ते केला कसा सांगू?"

एकदा मीही चिडून म्हटलं, "काय एवढी ऐट? घरी जाशील ना?"

"प्रगती हाय ना दादा," तो म्हणाला. त्याची मुलगी, आश्रमशाळेत चौथीत होती. "आमच्यात पयलीच शाळेत टिकली. तिला चोराची पोर बोलले तं ती नाय टिकायची."

त्यानंतर मी त्याला कबुलीचं कधी बोललो नाही. उलट त्याचा अभिमान वाटायला लागला. सव्वाशे घरफोडे पाहिले मी, हा त्यातला नाही, एवढं मला माझ्या बोटाच्या शपथेवर सांगता आलं असतं. आणि माझ्या नावावर सूर्यमाळला सव्वा एकर जमीन होती. नोकरीत असताना कैद्याचा जामीन दिला असता तर मीच घरी बसलो असतो. पण गेल्या वर्षी तीस जूनला माझी नोकरी संपणार होती.

अठ्ठावीस जूनच्या गिनतीला मी वाकलो. "वाळू, परवा मी रिटायर होतो. आठ दिसांत सातबारा घेऊन येतो. तुझा जामीन मी देतो. कुनाला बोलू नको."

त्याने मान वर केली. गिनतीत मान वर करायची नसते. "आठ दिस," तो म्हणाला.

घरी आलो तर पाऊस लागला होता आणि राबातली रोपं उपटून आवणी, म्हणजे भाताची लावणी, करायची वेळ झाली होती. भाताची रोपं वेळेत खाचरात गेली नाहीत तर पिवळी पडतात, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. धाकटा भाऊ भिका म्हणाला, "तीस वर्षांनी एक आवणी तरी हातानं कर." हौशी, माझी बायको, सातबाऱ्याचं ऐकून चुलीपुढून उठलीच. "कोर्टात नाव द्याल, आन तो पळाला तं? जमीन कोर्टच घील ना?" माझ्या बापाने एकदा कुणाच्या तरी कागदावर अंगठा दिला आणि ओढ्याकडचा तुकडा गेला होता. ते ती विसरली नव्हती.

तलाठी भेटला नाही, मशीन बंद होतं, तहसीलच्या दाखल्याला दोन खेपा झाल्या, असं मी पुढे बरेच दिवस लोकांना सांगत फिरलो. ते खरंही आहे. पण त्याहून खरं हे की मी घाई केली नाही. हौशीशी भांडायचा कंटाळा केला. मी म्हटलं, दोन वर्षं काढली त्याने, आणखी आठ-दहा दिवसांनी काय बिघडतं? आवणी झाली की जातो. दाराच्या बाहेरच्या बाजूला तीस वर्षं उभा राहिलेला माणूसच असा हिशेब करू शकतो. लाज वाटते मला त्याची.

बावीस जुलैला मी सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोर्टात पोचलो. कारकुनाने नाव विचारलं, कागद चाळले.

"याचा निकाल कालच लागला, काका. गुन्हा कबूल केला त्याने. भोगलेली शिक्षा धरून सुटका. ऑर्डर तुरुंगात गेली."

मी तिथल्या बाकावर बसलो. शेजारच्या माणसाने मला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी तुरुंगाच्या दारासमोर उभा होतो. कालपर्यंत मला सलाम करणारे शिपाई चहा पाजायला आले, मी नको म्हटलं. चारच्या सुमाराला मोठ्या दरवाज्यातल्या छोट्या दारातून वाळू वाकून बाहेर आला. एका हातात करगोटा, दुसऱ्या हाताच्या मुठीत गळ. मला बघून थांबला.

"आलां तुमी," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"आवणी होती रे." माझ्या तोंडून एवढंच आलं.

"हां, आवणीचा टाइम हाय," त्याने मान हलवली. "भात थांबत नाय."

"कबूल का केलंस?"

तो गळाकडे बघत राहिला. "आठ दिस मोजले. मंग परत आठ मोजले. तिसऱ्या आठात तारीख लागली. वकील बोलला, केला बोल, घरी जा. मला वाटला, दादा पन गेला, आथां कोन येनार? मंग मी बोललो, केला." गळ सदऱ्याच्या कॉलरखाली खोचत म्हणाला, "साहेबानं इचारला, खुशीनं बोलतो का? मी बोललो, हां, खुशीनं."

मी रस्त्यावर रडलो. त्यानेच माझ्या पाठीवर हात ठेवला.

घरी गेल्यावर त्याचं फार काही बदललं नाही, असं वरवर बघणारा म्हणेल. तो खड्डे खणतो, मासे धरतो, बायकोबरोबर भट्टीवर जातो. शाळेत प्रगतीला कुणी काय म्हटलं ते मला ठाऊक नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत परत गेली नाही, एवढं खरं. मी दोनदा समजवायला गेलो. तिने माझ्याकडे पाठ फिरवून भांडी घासली.

यंदाच्या आवणीला मी वाळू आणि कमळाला माझ्याकडे बोलावून घेतलं. हौशीनेच सुचवलं. चार दिवस ती दोघं आमच्या पडवीत राहत होती, आमच्याबरोबर जेवत होती. तिसरं खाचर अर्धं लावून झालं होतं, तेवढ्यात रस्त्याकडे जीप थांबली. दोन पोलीस उतरले, दोघेही माझ्या मुलाच्या वयाचे.

"वाळू कोण? पाड्यावर गेलो तर म्हणाले, इकडे आलाय. खाली एका फार्महाऊसवरची मोटार गेली काल रात्री."

"चार दिवस तो माझ्या घरात आहे," मी ओरडलो. "रात्री माझ्या पडवीत झोपतो. मी हवालदार होतो, मला शिकवू नका."

"काका, नुसती चौकशी. रेकॉर्डवरचा आहे ना तो. त्याला विचारावंच लागतं."

मी वळून बघितलं. वाळूला अजून कुणी काही म्हटलं नव्हतं. तो खाचरातून बांधावर आला होता. हातातली रोपांची मूठ त्याने नीट पाण्यात ठेवली होती आणि तो उकिडवा बसला होता. हात गुडघ्यांवर, मान खाली, शेजारी जोडीदाराची जागा मोकळी सोडून. ते बसणं मीच त्याच्याकडून दोन वर्षं रोज करून घेतलं होतं.

कमळाने वर बघितलं नाही. तिचे हात रोपं लावतच राहिले, एकाच जागी, एकावर एक.

त्यांनी त्याला उठवलं. जीपमध्ये चढताना त्याने कॉलरखालचा गळ काढून माझ्या हातात दिला. आत झडती होते, हे आता त्याला माहीत आहे.

"दादा," तो म्हणाला, "या टायमाला लवकर या."

जीप वळणाआड गेली तशी हौशी चिखलातून बाहेर पडली आणि घराकडे धावली. परत आली तेव्हा तिच्या हातात तीच प्लास्टिकची पिशवी होती, सातबाऱ्याची.

"जावा," ती म्हणाली. "आवनी मी बघते."

राब उपटलेला होता, अर्धं खाचर उघडं होतं, आभाळ भरून आलं होतं. मी पायांचा चिखलही धुतला नाही.