हँडल नसलेलं कपाट

माझ्या भावजयीला मी मनातल्या मनात वजाबाई म्हणते. तिचं कामच वजा करण्याचं. शहरातल्या छोट्या घरांसाठी ती वस्तूंचे आराखडे करते. स्टुलाला चौथा पाय नको, दिव्याला बटण नको, कपाटाला हँडल नको. ह्याचा तिला पगार मिळतो, वर बक्षीसही. बक्षीस म्हणजे काचेचा ठोकळा. तोसुद्धा तिने कपाटात टाकून दिलाय. मी असते तर दारातच मांडला असता.

हेवा वाटतो का? वाटतो. अंगाचा तिळपापड होतो. पण ठोकळ्यामुळे नाही. आई तिच्याकडे राहते, माझ्याकडे नाही, हे माझं खरं दुखणं. मी पोटची मुलगी, त्याच शहरात राहणारी, आईसाठी एक खोली झाडूनपुसून तयार ठेवलेली. आणि चार दिवस राहून येते म्हणून गेलेली आई तिथेच रमली.

वजाबाई एकाच खोलीत वाढली. आईवडील, काका, भावंडं, त्यात वडिलांकडे दुरुस्तीला आलेली शिलाई मशीन. ही अभ्यासाला पलंगाखाली शिरायची. हे तिनेच मला एकदा हसत हसत सांगितलं होतं. मोकळ्या जागेचं वेड तेव्हापासूनचं. लग्न झाल्यावर तिने माझ्या भावाचा सगळा पसारा दोन खोक्यांत बसवला, आणि त्यानेही मुकाट्याने बसवू दिला. माझ्या राज्यात ह्या गड्याने स्वतःच्या रुमालाची घडीसुद्धा कधी घातली नव्हती.

कुठलीही वस्तू बाजारात जाण्याआधी वजाबाई तिचा नमुना घरात आणून ठेवते. कुणाला काही सांगत नाही, घरातली माणसं ती कशी वापरतात ते नुसती बघते. ह्या वेळी स्वयंपाकघरात कपाटं आणि ड्रॉवर आले होते. पांढरेफटक, सपाट, भिंत कुठे संपली तेही कळू नये असे. दाबलं की उघडतात म्हणे.

रविवारी मी गेले ती आईला घेऊनच यायचं असं ठरवून. स्वयंपाकघरात पाऊल टाकते तर काय, एका ड्रॉवरच्या फटीतून निळी चिंधी बाहेर लोंबतेय, दुसऱ्यातून पिवळी. आतून गाठ मारलेली. हे आईचंच काम. मला तर आयतीच संधी मिळाली.

"बघ," मी भावजयीला म्हणाले, "माझ्या आईला तुझ्या घरात चमचा सापडत नाही. चिंध्या बांधून दिवस काढतेय बिचारी. आई, बॅग भर. माझ्याकडे कपाटांना चांगली पितळी हँडलं आहेत."

वजाबाई चिडत नाही, हीच तिची खोड. "बरोबर आहे ताई तुमचं," ती म्हणाली. "माणूस जिथे चिंधी बांधतो, तिथे माझं चुकलेलं असतं. आता प्रत्येक ड्रॉवरला कापडी पट्टा येणार. आईंचीच कल्पना. कारखान्यात तसं सांगूनही आलेय."

आई लाजून हसली. माझ्यासाठी ती अशी कधी हसली होती, मला आठवेना. जवळ जाऊन पाहिलं तर निळ्या चिंधीवर पांढरे ठिपके. माझा लहानपणीचा फ्रॉक. आईने तो इतकी वर्षं जपलाय हे मला ठाऊकच नव्हतं. आणि कापला कशासाठी, तर हिच्या ड्रॉवरसाठी.

"माझ्याकडे काय कमी आहे गं आई?" माझा आवाज चढलाच.

"काही कमी नाही," आई म्हणाली. "पण मी ड्रॉवरला हात लावायच्या आत तू चमचा काढून देतेस. आई तू बस, आई राहू दे. बसून बसून जीव विटतो गं. इथे मला कुणी बस म्हणत नाही."

मी ओट्याजवळच्या स्टुलावर बसले. आई चहा टाकायला उठली. फ्रॉकची चिंधी ओढून तिने चमचे काढले आणि साखर शोधायला लागली. एक कपाट दाबलं, मग दुसरं. साखरेचा डबा ओट्यावर माझ्याच कोपरापाशी होता. 'राहू दे आई' अगदी ओठांवर आलं. वजाबाईने माझ्याकडे बघून हळूच 'नको' अशी मान हलवली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

आईला डबा दिसला तोवर चहा उतू गेला होता. उरला तो तिने आधी माझ्या कपात ओतला.