देवी काय फ्रॉक पाहून येते?

माझी लेक दीड वर्षाची असतानाची गोष्ट. सोयाबीनची काढणी चालू होती आणि दुपारी ती गोठ्याशेजारच्या खाटेवर निजायची. एका संध्याकाळी तिच्या हातापायांवर, गालांवर लाल फोड उठले. सासूबाईंनी एकदा पाहिलं आणि निकाल दिला, "देवी आली पोरीच्या अंगावर. औषध लावू नको."

झालं! दाराला कडुनिंबाच्या डहाळ्या लागल्या, फोडणी बंद झाली. बिनफोडणीचं वरण मी गिळलं असतं, पण पोर खाजवून खाजवून रडत होती. फोडांतून रक्त येऊ लागलं. मला तिला मालेगावच्या डॉक्टरला दाखवायचं होतं. पण देवी अंगावर असताना लेकराला घराबाहेर काढायचं नाही. नवऱ्याची गत इकडे आड तिकडे विहीर. तो गुपचूप बैलांना पाणी पाजायला गेला. सासूबाईंना मी मनातल्या मनात काय काय बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सकाळी शेजारच्या बायका हात जोडायला आल्या. सासूबाईंनी पोरीला कडुनिंबाच्या पाण्यानं पुसायला फ्रॉक काढला आणि थांबल्या. पोट पाहिलं, पाठ पाहिली. सगळं स्वच्छ. फ्रॉक जिथं संपत होता, तिथून पुढेच फोड.

"हे काय वं? देवी काय फ्रॉक पाहून येते?"

"असं बोलू नका, कोप होईन," एक शेजारीण घाबरून म्हणाली.

सासूबाई उठल्या. सगळ्यांदेखत त्यांनी स्वतःच्या हातानं डहाळ्या उतरवल्या आणि हात जोडले. "माय, तुले उगाच बोलावलं. चूक माही हाय, पोरीवर राग धरू नको." मग माझ्याकडे वळल्या, "पाहून काय राह्यली? चाल मालेगावले!"

गोठ्यातल्या पिसवा चावल्या होत्या. साबणानं धुवा, गार पाण्याचं फडकं ठेवा, नखं कापा, असं सांगून डॉक्टरांनी लावायला गुलाबी औषध दिलं. नखं सासूबाईंनीच कापली, झोपलेल्या पोरीचं एकेक बोट धरून. त्या संध्याकाळी वरणाला फोडणी बसली आणि मी दोनदा वाढून घेतलं.

चार बायकांत आपला शब्द मागे घेणं सोपं नसतं. माझ्या लेकीसाठी त्यांनी तो घेतला. हे उपकार मी विसरणार नाही.

लेक आता शाळेत जाते. डास चावला की आधी आजीसमोर जाऊन फ्रॉक वर करते. आजी चष्मा लावून तिचं पोट नीट तपासते आणि म्हणते, "काही नाही. जाय, मायकडून औषध लावून घे."