माझ्या पार्टीचं हॉटेल

वर्ध्यात सगळ्यात चांगलं मटण कुठं मिळतं हे मला अठ्ठावीस वर्षं माहीत होतं आणि अठ्ठावीस वर्षं मी ते कचेरीत कोणाला सांगितलं नाही. ते माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीच्या खानावळीत मिळतं. आर्वी नाक्याच्या पुढे, आमच्या वस्तीच्या तोंडाशी, दारावर पंचशील ध्वज आणि टिनाच्या पाटीवर निळ्या अक्षरांत 'मटण, चिकन, लांबरोटी'. आम्ही बौद्ध. ताईनं ते पाटीवर लपवलं नाही, मी कचेरीत तोंड शिवून बसले. आता पेन्शन सुरू झाली आहे, कोणाच्या बापाची भीती नाही, म्हणून सांगते.

आमची कचेरी सरकारी, चौदा माणसांची. जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे पार्टी म्हटलं की जेवण, दुसरं काही नाही, आणि माणसाची सगळी हौस आणि सगळी बढाई त्या जेवणावरच. बढती झाली, पार्टी. पोरगी बारावी झाली, पार्टी. जुनी का होईना चारचाकी घेतली, पार्टी. नियम एकच होता: ज्याची पार्टी त्याचं हॉटेल. तो म्हणेल तिथं मुकाट्यानं जायचं, आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या चहाला त्या हॉटेलाचा पंचनामा करायचा. स्टेशनजवळच्या सावजीकडे रश्शाला झणका आहे, पण मटण चिवट. बजाज चौकाकडल्याचा वडाभात बरा, पण वरून तेल घालताना हात आखडतो. अमक्याकडच्या सांबारवडीत बेसनच बेसन, कोथिंबीर नावाला. असं तासभर चालायचं. फायली कुठं पळून जात होत्या?

या पंचनाम्याची मुख्य माझी टेबलशेजारीण. मी नोकरीला चिकटले त्याच्या आदल्या वर्षी ती चिकटलेली. तिची जात मी सांगत नाही, तुम्हीही विचारू नका, ती मटणावर जीव टाकणारी होती एवढं पुरे. बाईची जीभ मोठी पक्की. रश्शात खसखस आहे की शेंगदाण्याचा कूट मारला आहे, हे पहिल्या घासाला सांगायची. माणूस म्हणूनही चांगली. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात तिनं तीन महिने माझ्या टेबलाचं काम ओढलं आणि कधी बोलून दाखवलं नाही. मी तिला मैत्रीण म्हणते ते उगाच नाही.

पार्टीचा वार मात्र मी ठरवायची, कारण माझा कुठलाच उपास नव्हता. सोमवारी बडे बाबू धरायचे, मंगळवारी दोघी, गुरुवारी साहेब, शनिवारी अर्धी कचेरी. मग चतुर्थी, मग एकादशी, मग कोणाचा नवस. राहता राहिले बुधवार, शुक्रवार, रविवार, त्यातूनही कॅलेंडर पाहून दिवस उकरून काढायचा. आमच्या घरात कोणी उपास करत नाही, पण अख्ख्या वर्ध्यात माझ्याइतकी चतुर्थी कोणाला पाठ नसेल.

आता मी गप्प का राहिले ते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी ताईनं मोठ्या हौसेनं डबा भरून दिला होता, मटण आणि लांबरोट्या, सगळ्यांना पुरेल एवढा. लांबरोटी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. कणीक कपड्यातून गाळून घ्यायची, पाणी घालत घालत ती आपटायची, आपटायची, खांदे भरून येईस्तोवर. मग तो सैल गोळा दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ताणत न्यायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या मटक्यावर फेकायचा. आमच्या वस्तीत हे बायकांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्या दिवशी मी डबा उघडला आणि सगळ्यांना एकदम काहीतरी झालं. कोणाला पित्त, कोणाला तिखट वर्ज्य, कोणी घरूनच जेवून आलेलं. माझ्या मैत्रिणीचं पोट बिघडलं होतं. बिघडलेल्या पोटानं तिनं शेजारणीच्या डब्यातली भरली वांगी पुसून खाल्ली. मी डबा तसाच झाकला, घरी जाताना कुत्र्याला घातला, आणि ताईला सांगितलं की बोटं चाटून खाल्लं सगळ्यांनी. ती इतकी खूश झाली की मला रडू आलं.

ते एक खोटं मला अठ्ठावीस वर्षं पोसावं लागलं. कचेरीत विषय निघाला की मी सावजीची तारीफ करायची. आणि ताई दर सहा महिन्यांनी विचारायची, तुह्या ऑफिसच्या लोकाईले एवढं आवडलं होतं, मंग इथं काऊन नाई येत? मी म्हणायची, दूर पडतं गं त्यांना. दूर! सावजीसाठी ही मंडळी गाड्या काढून नागपूरपर्यंत जात होती.

मागच्या हिवाळ्यात नागपूर रोडवर नवं हॉटेल उघडलं. वाढपी फेटे बांधून उभे, दारात बैलगाडीचं चाक, आणि मेनूकार्डावर 'विदर्भाची विसरलेली चव: मटका रोटी'. साहेबांची पार्टी होती. रोटी आली, फडक्यात घडी घातलेली. सगळ्यांनी फोटो काढले. माझ्या मैत्रिणीनं तीन खाल्ल्या आणि म्हणाली, काय पातळ आहे हो, घरात कोणाला जमतं आता हे, यांनी कुठून शोधून काढलं असेल? साहेब म्हणाले, कला आहे, लोप पावत चालली आहे. मी तोंडातला घास चावत राहिले. अहो, लोप काय पावते? आर्वी नाक्यापुढे रोज सकाळी साठ निघतात! निघतात आणि माझ्या बहिणीच्या हाताचे केस त्या मटक्यावर जळतात. पण मी बोलले नाही. बोलले नाही याचाच मला संताप आला, आणि तो संताप मी घरी घेऊन गेले, तो आजपर्यंत गेलेला नाही. विसरली कोण म्हणे? आम्ही तर नव्हतो विसरलो.

माझी जन्मतारीख एक जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी निम्म्या गावाची तीच लिहिली होती. त्यामुळे मे अखेरीस मी रिटायर होणार होते, आणि शेवटची पार्टी माझी होती. नियमाप्रमाणे हॉटेल माझं. मी ठरवलं, ताईकडेच. येतील तर ताईच्या हातचं खातील, नाही येणार तर अठ्ठावीस वर्षं आपण कोणासोबत जेवत होतो हे तरी एकदा कळेल.

ताईला म्हटलं, एका रविवारी आमच्या ऑफिसची पार्टी तुझ्याकडे; ती खूश होईल असं मला वाटलं होतं. ती कणीक गाळत होती, हात थांबवला नाही. म्हणाली, रविवारी मी बंद ठेवते. मी म्हटलं, एक दिवस उघड. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

"डबा त्याहीनं खाल्ला नवता ना?"

मी खाली पाहिलं. तिला कधीपासून माहीत होतं, हे विचारायची हिंमत झाली नाही.

"माह्या चुलीवर तू लोकाईची परीक्षा घेऊन राह्यली," ती म्हणाली. "घे. पण चोरून नाई. ते इथं आल्यावर त्याहीले समजलं, असं मले नाई पाह्यजे. आधी सांगजो का हे माही बहीण हाये, आमच्या वस्तीत हाये. मंग जो येईन त्याले मी पोटभर वाढीन."

खरी गोष्ट होती. मला वाटलं होतं गुपचूप नेऊ, जेवू घालू, बोटं चाटताना सांगू की बघा, ही माझी बहीण. ताकाला जाऊन गाडगं लपवायची सवय अशी सुटत नाही.

कॅलेंडर काढलं. असा रविवार शोधला की त्या दिवशी चतुर्थी नाही, एकादशी नाही, कोणाचं श्राद्ध नाही, लग्नतीथसुद्धा नाही. मुख्य म्हणजे शाकाहारी दोघांसाठी आमरस ठेवला, लांबरोटी आणि आमरस म्हणजे मे महिन्याचं खरं जेवण. पळायला एकही वाट शिल्लक ठेवली नाही. मग बुधवारी अकराच्या चहाला उभी राहिले. म्हटलं, पार्टी रविवारी दुपारी एक वाजता, माझ्या सख्ख्या बहिणीच्या खानावळीत, आर्वी नाक्यापुढे आमच्या वस्तीत. मटण तीच करते, नागपूर रोडवर तुम्ही जिचे फोटो काढले ती रोटीही तीच करते, चाळीस वर्षांपासून.

साहेब म्हणाले, वा वा, उत्तम. सगळे म्हणाले वा वा. माझ्या मैत्रिणीनं माझा हात दाबला आणि म्हणाली, अगं, इतकी वर्षं सांगितलं नाहीस? मला बरं वाटलं. अगदी खरं सांगते, त्या दोन दिवसांत मला इतकं बरं वाटलं की ताईला फोन करून सांगितलं, चौदाचं कर, सगळे येतात.

शुक्रवारपासून सुरू झालं. साहेबांना अमरावतीला मीटिंग लागली, रविवारी. बड्या बाबूंचे साडू येणार होते. एकीनं आदल्याच दिवशी मटण सोडलं होतं, नवस म्हणे, आणि आमरसाचं विचारलं तर शुगर. दोघांना ऊन सोसत नव्हतं. मे महिन्यात वर्ध्यात राहून ऊन सोसत नाही! मी प्रत्येकाला फक्त 'बरं' म्हटलं. मैत्रीण मात्र काही बोलली नव्हती, म्हणून तिची खुर्ची मी माझ्या शेजारी धरून ठेवली.

रविवारी मला धरून सहा जण जमले. ड्रायव्हर, दोन नव्या लागलेल्या मुली, पवनारहून येऊन-जाऊन करणारे आमचे टंकलेखक, आणि ज्यांची मी आशाच धरली नव्हती ते लेखापाल. व्यापारी घरातले, जन्मात अंडं न खाल्लेले. ते दारात चप्पल काढून आले, ताईला नमस्कार केला आणि सरळ विचारलं, माझा रस मटणाच्या पळीनं तर नाही ना वाढणार? ताईला हसू आलं. तिनं नवीन पळी दाखवली. मग त्यांनी रसासोबत पाच लांबरोट्या खाल्ल्या, वरून जवसाची चटणी दोनदा मागून घेतली, आणि शेजारी ड्रायव्हर नळी फोडून खात होता त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घाम पुसत म्हणाले, नागपूर रोडवरच्या रोटीत मीठ कमी होतं, ही बरोबर आहे. झाला पंचनामा. एवढंच पाहिजे होतं मला, मिठाचं बोलणं.

न आलेल्यांचं सगळं मटण पातेल्यात पडून होतं. ताई ते बघत होती, पण चेहऱ्यावर काही दाखवत नव्हती. वाईट मला वाटत होतं, आणि रागही येत होता, दोन्ही एकदम.

दोन वाजता मैत्रिणीचा फोन आला. मी ताटावरूनच उचलला. ती म्हणाली, अगं, निघतच होते, पण घरातून... तुला माहीत आहे ना सासूबाईंचं. मी म्हटलं, बरं. मग आवाज खाली करून म्हणाली, "ऐक ना, एका डब्यात मटण आणि चार रोट्या बांधून ठेव. संध्याकाळी ह्यांना नाक्यावर पाठवते, तू तिथंच आणून दे. घरी खाईन मी. तुझ्या बहिणीच्या हातचं खायचंय गं मला."

तिला खरंच खायचं होतं. हेच तर! तिच्या जिभेला आमच्या चुलीचं काही वावडं नव्हतं. वावडं होतं ते आमच्या दारातून आत येऊन, आमच्या ताटलीत, माझ्या शेजारी बसायचं. एखादं वर्ष आधी तिनं हे मागितलं असतं तर मी डबा बांधला असता, वरून कांदा-लिंबू ठेवलं असतं आणि नाक्यावर उन्हात जाऊन उभीही राहिले असते. माझ्या बाळंतपणातले ते तीन महिने मला तेव्हाही आठवले. आठवले आणि तरीही मी म्हटलं,

"डबा नाई भेटत इथं. बसून खायाचं असन तर ये. खुर्ची ठेवली हाये मी."

कचेरीत मी तिच्याशी कधी घरच्या भाषेत बोलले नव्हते. ती म्हणाली, "तू माझ्याशी असं बोलशील असं वाटलं नव्हतं मला."

"मलेही नवतं वाटलं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

ताई पातेल्याजवळ उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं पदराला हात पुसले, स्वतःसाठी एक ताट घेतलं, आणि त्या धरून ठेवलेल्या खुर्चीवर येऊन बसली.