शैरगुल एजेंच्या दारी आलेला निरोप

शैरगुल एजे, म्हणजे साऱ्या इमारतीच्या थोरल्या ताई, सकाळपासून बोर्सोक तळत होत्या. पिठाचे टम्म फुगलेले तुकडे कढईतून निघत होते आणि जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर त्यांचा ढीग वाढत होता. दुपारी व्याही येणार होते, नुरझामालच्या कानांत कर्णफुलं घालून सोयरीक पक्की करायला. मटण अजून चुलीवर चढायचं होतं, चहाचा समोवार भरायचा होता आणि लेक आरशासमोरून हलत नव्हती.

तेवढ्यात दार वाजलं.

दारात टाय लावलेला, चाळिशीतला कुबानिच. नगरपालिकेत नवा हुकूम निघाला होता. जिन्यात चिकटवलेल्या सूचना कुणी वाचत नाही, त्यात सूर्यफुलाच्या बिया बांधून नेतात. फोनवरच्या गटात सूचना टाकावी, तर ती ईदच्या शुभेच्छांत आणि कुणाच्यातरी हरवलेल्या मांजरात बुडून जाते. म्हणून यापुढे कर्मचाऱ्यांनी घरोघर जाऊन थेट बोलायचं.

"एजे, नगरपालिकेकडून आलोय. एक निरोप..."

"उंबरठ्यावर उभं राहून बोलतात का रे? आत ये. आधी रोटीचा तुकडा मोड, मग तुझी नगरपालिका."

रोटीला नाही कोण म्हणणार? कुबानिच बसला. एजेंनी त्याला अर्धीच वाटी चहा दिला. काठोकाठ भरली असती, तर 'आता ऊठ' असा अर्थ झाला असता.

"कुठले तुम्ही लोक?"

"तलासकडचे, एजे."

"अगंबाई! माझी नणंद तलासलाच दिलीय. घे, जर्दाळूचा मुरंबा घे."

कुबानिच चांगल्या घरचा. वाईट बातमी माणसाच्या तोंडावर फेकायची नाही, वळणावळणानं न्यायची, हे त्याला आजोबांनी शिकवलेलं.

"एजे, पाणी म्हणजे फार मोलाची चीज, नाही?"

"खरंय बाबा."

"माणसानं थोडं साठवून ठेवावं."

"माझी आई झऱ्यावरून आणून ठेवायची."

"धन्य ती माउली. आताचे नळ... त्यांचा काय भरवसा?"

"ते सोड, लोणी लाव की रोटीला!"

एवढ्यात आतून नुरझामाल ओरडली, "आई, नळ खोकतोय!"

नळानं शेवटची उचकी दिली आणि मान टाकली.

"संध्याकाळपर्यंत बंद राहील. पाइप बदलतायत," कुबानिच वाटीकडं बघत म्हणाला.

"हे सांगायला आला होतास?"

"तेच तर मघापासून सांगतोय, एजे."

"आणि वरच्यांना?"

"सुरुवात वरूनच केली. चौथ्या मजल्यावर पुलाव झाला, तिसऱ्यावर ल्युबाआजींनी धिरडी वाढली, दुसऱ्यावर तर उठूच देईनात. विषय सगळीकडं काढला. पोचला कुठंच नाही." त्यानं टाय सैल केला. गळ्यापर्यंत जेवलेल्या माणसाला आता तो सोसवत नव्हता.

एजेंनी रिकाम्या समोवारकडं पाहिलं. व्याही दारात आणि चहाला पाणी नाही! लेकीच्या सासरी हे नातवंडांपर्यंत ऐकवलं गेलं असतं.

त्यांनी खिडकी उघडली. लहानपणी कुरणात डोंगरापलीकडच्या घोड्या त्या नुसत्या हाकेनं परत आणायच्या. पुढं साखर कारखान्याच्या खाणावळीत तोच गळा कामी आला, आणि त्या गळ्यापायीच लोकांनी त्यांना इमारतीचं प्रमुखपद चिकटवलं. त्यांनी कढईचं झाकण बडवलं.

"अरे ऐका! नळ गेले! ज्यांनी पाणी भरलंय त्यांनी थोडं खाली आणा, माझे व्याही येतायत!"

"शैरा, माझा टब भरलेला आहे!" तिसऱ्या मजल्यावरून ल्युबाआजी. "पण त्यात काकड्या भिजतायत!"

"काकड्यांचा चहा व्याह्यांना नको गं, आजी!"

तरी किटल्या आल्या, घागरी आल्या. उरलेल्या पाण्यासाठी कुबानिच स्वतः दोन बादल्या घेऊन पलीकडच्या गल्लीतल्या हापशावर धावला. टाय खांद्यावर टाकून, घामाघूम होऊन तो परतला, तोच व्याही गाडीतून उतरले.

"हा कोण?" नवऱ्या मुलाच्या आत्यानं विचारलं.

"नगरपालिका," एजे म्हणाल्या.

"तुमच्याकडं नगरपालिका घरपोच पाणी आणते?"

"व्याह्यांसाठी आणते."

आत्याबाईंनी मागून येणाऱ्या व्याह्यांना हे कौतुकानं ऐकवलं. त्या कौतुकातच कर्णफुलं घातली गेली आणि चहाही पुरून उरला.

व्याही गेल्यावर एजेंनी कुबानिचच्या हातात बोर्सोकची पिशवी ठेवली. तो अवघडून म्हणाला, "एजे, साहेब विचारतील. तुमची काही तक्रार कळवू का?"

"तक्रार नाही रे. एकच मागणं आहे. पाणी जाणार असेल, तर आदल्या दिवशी मला सांगा. बाकीच्यांना मी खिडकीतून सांगेन."