कोपऱ्यातला नमस्कार

चहा ओता, पण हसायचं असेल तर कप आधी खाली ठेवा. कारण आता सांगतोय तो पराक्रम मी भर मैदानात, अख्ख्या गावासमोर केलाय!

मी दिंद्रुडजवळच्या एका गावात मास्तर. दसऱ्यानंतर आमच्याकडे कबड्डीचे सामने होतात आणि यंदा संघ माझ्या हाती आला. आता मास्तराच्या हाती काहीही द्या, तो त्याचा वर्ग भरवणारच की नाही? मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून मी गड्यांना महिनाभर पिदडलं. चढाई करणाऱ्यानं पकड शिकायची, पकड करणाऱ्यानं चढाई. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मन! जोडीदाराचा हात धरला की आभाळ कोसळलं तरी सोडायचा नाही.

मी स्वतःही खेळायचो, डाव्या कोपऱ्यात. माझा जोडीदार बाप्पा. चाळिशीचा गडी, ऊसतोडीला जाणारा. दहा वर्षं खेळतोय, पण विजेत्याची ढाल एकदाही हाती लागली नव्हती. अंतिम सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याची टोळी कारखान्याला निघणार होती.

"सर, एकडाव ढाल धरून फटू काढायचाय बगा. मंग कोयता चालिवताना कायबी वाटनार न्हाई."

एकदा सराव चालू असताना त्याचे मामा आले. सख्खे मामा! बाप्पानं माझा हात सोडून त्यांना रामराम घातला. मी असा कडाडलो म्हणता!

"बाप्पा, खेळात पाहुणा नसतो! मन कच्चं आहे तुझं!"

बिचारा खाली मान घालून परत हात धरून उभा राहिला. मामा चहा न घेताच निघून गेले. आणि मी? मी त्या शिस्तीवर बेहद्द खूश!

अंतिम सामना माजलगावकडच्या संघाशी. शेवटची चढाई, आम्ही एका गुणानं पुढे. समोरचा गडी रिकाम्या हातानं परत गेला की ढाल आमची. मी डाव्या कोपऱ्यात, बाप्पाचा हात घट्ट धरून.

आणि मैदानाच्या कडेच्या रेषेपलीकडे, अगदी हाताच्या अंतरावर, नांदूरघाटहून आमचे सासरे येऊन उभे!

मागच्या लग्नसराईत एका मांडवात त्यांच्या पाया पडायचं राहून गेलं होतं. त्यावरून बायकोनं मला वर्षभर जे ऐकवलंय, ते सगळं एका क्षणात कानात वाजलं. डोकं काही म्हणायच्या आत कंबर वाकली हो! बाप्पाचा हात सोडला, रेषेबाहेर पाय टाकला आणि दोन्ही हातांनी सासऱ्यांचे पाय धरले.

शिट्टी वाजली. मी बाद! बाप्पा "आवो सर! सर!" करत माझ्याकडे बघतोय, तेवढ्यात चढाईवाल्यानं त्याला शिवलं आणि मधली रेषा गाठली. दोन गुण गेले, सामना गेला, ढालही गेली.

वरून सासरे म्हणतात, "जावईबापू, मी तर तुमचा खेळ बगाया आलतो. पाया काय, घरीबी पडता आलं असतं की!"

बाप्पा अंगावरची माती झटकून घराकडं निघून गेला. तेच फार लागलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सकाळी टोळी निघाली तिथं गेलो. तो ट्रॉलीत सामानावर बसलेला.

"बाप्पा, चुकलं रे माझं. मन माझंच कच्चं."

"जाऊ द्या सर. रातीच मामाला फोन करून सांगितलं. लई हसले. म्हनले, आता सरांकडंच चहा प्यायला येतो." हसतच त्यानं हात खाली केला. मी तो दोन्ही हातांनी धरला. डोळे भरून आले माझे, काय खोटं बोलू?

ट्रॅक्टर हलला. मी हात धरून पळतोय. दहा पावलं, वीस पावलं…

"आवो सर, सोडा की आता!" बाप्पा वरून ओरडला. "धरायचं तवा सोडला, आन् सोडायचं तवा धरून बसलाव!"