मावशींनी सोळावं कार्ड उचललं नाही

नोकरीत कायम व्हायचं की घरी बसायचं, हे सरांच्या एका सहीवर होतं, आणि माझी जीभ पहिल्यापासून तिखट. सत्तरच्या दशकातली गोष्ट. लोणावळ्याच्या एका बंगल्यात सर, माझा एक सहकारी आणि मी संगणकाच्या फोरट्रान भाषेच्या कंपायलरचे, म्हणजे ती भाषा यंत्राला समजावणाऱ्या प्रोग्रामचे, नियम ठरवायला बसलो होतो. एकच लूप, म्हणजे ठरावीक वेळा परत परत करायचं काम, चार यंत्रांनी वाटून घ्यायचा, असं सरांच्या मनात होतं. तशी यंत्रं आमच्याकडे नव्हतीच. बाजारात तुरी, तसला प्रकार.

भांडण एवढंच, की लूप कुठवर चालवायचा तो आकडा पाहायचा कधी? सर म्हणत, ज्याने त्याने आपलं काम सुरू करताना पाहावा, कुणी कुणासाठी थांबायला नको. मी म्हणत होते, वाटणीच्या आधी एकदाच काढून चौघांच्या हाती द्यावा, मधे बदलला तरी फरक पडू नये.

"दाखवा करून," सर म्हणाले.

मी वीस कार्डं मांडली आणि कुठवर जायचं तो आकडा म्हणून फळ्यावर २० लिहिलं. चौघांनी चार यंत्रं व्हायचं, प्रत्येकाने दर चौथं कार्ड उचलायचं आणि त्यावर लिहिलेलं करायचं. चौथं यंत्र म्हणून बंगला सांभाळणाऱ्या मावशींना बोलावलं. त्या आंदर मावळातल्या, प्रौढांच्या वर्गात आकडे शिकलेल्या. नवव्या कार्डावर मी मुद्दाम लिहिलं होतं, फळ्यावर १२ करा.

पहिल्या फेरीत सगळ्यांनी एकदमच फळा पाहिला आणि वीसच्या वीस कार्डं झाली. सर हसले. "पुन्हा एकदा," मी म्हटलं आणि फळ्यावर परत २० लिहिलं, कारण दुसरं काही सुचलंच नाही.

दुसऱ्या फेरीला दूध उतू जाऊ लागलं म्हणून मावशी फळा न बघताच आत पळाल्या. तेवढ्यात सहकाऱ्याने नववं कार्ड उचलून फळा बदलला. मावशींनी येऊन पदराला हात पुसले, फळा पाहिला, चार, आठ, बारा अशी कार्डं उचलली आणि थांबल्या. सोळा आणि वीस तशीच राहिली.

"अडाणी बाई घेतली की असंच व्हायचं," सर म्हणाले.

"फळ्यावर बारा हाय," मावशी हळूच म्हणाल्या. "भाताच्या आवनीला उतरायच्या आदी सांगत्यात, कुटवर लावायचं त्ये. मधीच बदललं तर आमी काय करावं?"

सरांनी वही ओढली आणि माझा नियम लिहून घेतला. मी जिंकले होते. गप्प बसायला हवं होतं.

"मंग माजं चुकलं न्हाई ना?" मावशींनी विचारलं. सर वहीत लिहीतच राहिले.

"सर, त्यांची माफी मागा," मी म्हटलं. ते उठून बाहेर गेले.

सोमवारी पुण्यात सरांच्या सहीचा कागद हातात आला. काम उत्तम, स्वभाव पाहता आणखी सहा महिने थांबावे. मी जिन्यात बसून रडले.

"एकदा सॉरी म्हणून टाक," सहकारी म्हणाला. सरांना मी ते म्हटलं नाही, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. पण नवव्या कार्डाचा सापळा माझा होता, मावशींना त्यात उभं मीच केलं होतं, आणि त्यांची माफी मीही मागितली नाही.